गप्पांतली दारू आणि दवाखान्यातला उपचार

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताच्या पुरुष हॉकी संघाने जर्मनीला ५-४ असे हरवले आणि ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिम्पिक पदक आणले. तेव्हापासून आपल्याकडेही हॉकी पाहणारे थोडे वाढले. तसा धाराशिव जिल्हा खो-खोचा. इथल्याच सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तरी एका मोबाइलभोवती चार डोकी जमवून हॉकीची मॅच पाहणारी मंडळी चहाच्या टपरीवर हमखास भेटतात. हॉकीचा खेळ साठ मिनिटांचा. तो संपतो, गप्पा संपत नाहीत. पेनल्टी कॉर्नरवरून गाडी पावसावर येते, तिथून सोयाबीनच्या भावावर आणि मग कुणाच्या तरी दारूवर.

‘त्यानं माळ घातली, एका दिवसात सुटली.’

‘त्याच्या बायकोनं चहातून औषध दिलं, त्याला पत्तासुद्धा लागला नाही.’

‘मनावर घेतलं की सुटते, औषध-बिषध काही नसतं.’

सरकारी रुग्णालयात काम करताना हीच वाक्ये मला नंतर नातेवाइकांच्या तोंडून ऐकू येतात; फरक एवढाच, की तेव्हा रुग्ण स्ट्रेचरवर असतो. म्हणून या गप्पा मी हसण्यावारी नेत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि जवळपास २ कोटी ९० लाख लोक तिच्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या ३७ जणांचा ‘उपचार’ कट्ट्यावर, पारावर आणि टपरीवरच ठरतो. तेव्हा तिथे बोलले जाते त्यातले खरे किती, खोटे किती, हे तपासायला हवे.

मनावर घेतले की सुटते?

दारू मेंदूवर ब्रेकसारखी काम करते. ती मेंदूला शांत, सुस्त करते. रोज ब्रेक दाबला जाऊ लागला, की मेंदू समतोल राखण्यासाठी अॅक्सिलरेटर जास्त दाबू लागतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हे चालले की दोन्ही पाय दाबलेले असतानाच गाडी ‘नॉर्मल’ चालते. सकाळी दारू उतरली, म्हणजे ब्रेकवरचा पाय निघाला, की अॅक्सिलरेटर तसाच राहतो. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, उलट्या होतात, झोप लागत नाही. एक घोट पोटात गेला की सगळे थांबते. अशा अवस्थेत माणूस मजेसाठी पीत नाही, त्रास थांबवण्यासाठी पितो. त्याला ‘तुझ्यात दम नाही’ म्हणणे हे मधुमेह्याला ‘मनावर घे आणि साखर उतरव’ म्हणण्यासारखे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारूच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

निश्चयाला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. उपचारासाठी दाराशी येण्याला निश्चयच लागतो. पण तो एकटा पुरत नाही.

मग शौक कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? डॉक्टर त्यासाठी चार साधे प्रश्न विचारतात. आपण पिणे कमी करावे, असे कधी वाटले का? पिण्यावरून कुणी बोलले तर राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर, हात थांबावेत म्हणून, घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटावे. चौथ्या एकट्या प्रश्नालाच ‘हो’ असेल, तर भेटायलाच हवे.

‘मी फक्त एक क्वार्टर घेतो’ हे वाक्यही तपासून पाहा. भारतात साधारण ३० मिलिलिटर कडक दारू म्हणजे एक माप धरतात. त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये अशी सहा मापे होतात. ‘एकच’ म्हणता म्हणता रोज सहा होतात.

माळ, नवरात्र आणि तिसरा दिवस

वारकऱ्याची तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे आपल्या भागात खरोखर आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. माळेबरोबर नवी संगत मिळते, संध्याकाळी भजनाला जायला जागा मिळते, आणि गावात नवी ओळख मिळते. उपचारशास्त्र ज्याला ‘आधारगट’ म्हणते, ते हेच. पण टपरीवरच्या गोष्टीत एक भाग गाळलेला असतो. जो माणूस रोज, भरपूर, अनेक वर्षे पीत आला आहे, त्याने एका दिवसात एकदम थांबणे धोक्याचे असते.

तुळजापूरच्या आईचे नवरात्र म्हणून, श्रावण म्हणून किंवा घरी लग्न आहे म्हणून अनेक जण दारू एकदम बंद करतात. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम. साधारण पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आयुष्यात कधी न आलेली. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपू लागते. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो, माणूस उठून पळू लागतो. याला वैद्यकीय भाषेत ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. घरचे मात्र म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ किंवा ‘अंगात आलंय.’ उपास चालू असतो, दिवस देवीचे असतात, त्यामुळे संशयही येत नाही. मग अंगारा, धुपारा, दोरा यांत एक-दोन दिवस जातात. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो, आणि वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत भानावर येतात. इथे घरच्यांनी एवढेच आठवावे: याने दारू केव्हा थांबवली? आणि ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

दुसरी नेहमीची मागणी असते, ‘डॉक्टरसाहेब, उतरायला एक सलाईन लावा.’ सलाईनने दारू लवकर उतरत नाही. उलट, सतत पिणारे लोक जेवत नाहीत. त्यांच्या शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, या जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. अशा माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिनही वापरले जाते आणि मेंदूला इजा होऊ शकते. चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ उडतो, पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून रुग्णालयात थायमिनचे इंजेक्शन आधी दिले जाते.

चहातले औषध

‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर पाहिल्या असतील. कुठली पुडी, कुठला काढा, त्यात काय असते कुणालाच ठाऊक नसते. कधी त्यात डायसल्फिराम हे खरे औषधही असू शकते, आणि तेच जास्त भीतीचे.

या औषधाचा शोध गमतीचा आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक जंतांवरचे औषध म्हणून ते तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि नंतर मद्य घेतल्यावर त्यांना चांगलाच त्रास झाला. कारण असे: दारू पचताना आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ बनतो आणि यकृत त्याचा लगेच निचरा करते. डायसल्फिराम हा निचरा बंद करते. मग दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदयरोग्याचा यात मृत्यू होऊ शकतो. ज्याला आपण हे औषध घेतो आहोत हे माहीत आहे, तो दारूपासून लांब राहतो. औषधाचा सगळा उपयोग या माहितीतच आहे. ज्याला माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे पितो आणि कोसळतो. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे तिचा असर राहू शकतो. म्हणून रुग्णाच्या संमतीशिवाय आणि तपासण्यांशिवाय हे औषध देऊ नये. आई-बहिणींची अगतिकता मला समजते. पण चहाचा कप हा त्यावरचा मार्ग नाही.

खरा उपचार कसा असतो

उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिला, शरीरातून दारू सुरक्षितपणे बाहेर काढण्याचा. याला साधारण आठवडा लागतो. क्लोर्डायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन मेंदूला तात्पुरता ब्रेक पुरवतात आणि तो रोज थोडा थोडा सैल करत नेतात. सौम्य त्रास असेल आणि घरी लक्ष द्यायला माणूस असेल, तर हे घरीही होऊ शकते. आधी फिट आलेली असेल, भ्रम झालेला असेल, कावीळ किंवा दुसरा मोठा आजार असेल, तर दाखलच व्हावे लागते. या गोळ्यांचीही सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नयेत.

दुसरा टप्पा लांबचा, महिन्यांचा. ओढ कमी करणारी औषधे आता उपलब्ध आहेत. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली ‘किक’ कमी करते, अकॅम्प्रोसेट बिघडलेला समतोल सावरायला मदत करते, यकृत खराब झालेल्यांत काही वेळा बॅक्लोफेन वापरतात. कुणाला कोणते द्यायचे ते यकृत, मूत्रपिंड आणि इतर औषधे पाहून ठरते. सोबत समुपदेशन हवे: कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कशामुळे ओढ येते आणि त्या वेळी काय करायचे, याची तयारी. उदासीनता, कर्ज, नापिकी यांचे ओझे दारूमागे असेल तर तेही बोलले जायला हवे. आपल्या जिल्ह्यात हे ओझे किती घरांत आहे, ते वेगळे सांगायला नको.

आणि तो पुन्हा प्यायला तर? हे अनेकांच्या बाबतीत होते. रक्तदाबाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या आणि बीपी वाढला, तर आपण त्याला ‘वाया गेला’ म्हणत नाही, गोळ्या पुन्हा सुरू करतो. इथेही तेच करायचे. ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून उपचार सोडू नयेत. मधल्या काळात शरीराची सवय कमी झालेली असते, त्यामुळे जुन्या मापाने प्यायल्यास ती जास्त घातक ठरते, हेही लक्षात ठेवावे. उलट, थांबलेल्या प्रत्येक आठवड्याचा फायदा असतो. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांतच कमी होऊ लागते.

मित्रांनी काय करावे

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. तो आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळतो. योगायोग असा, की पुण्यातले ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रही २९ ऑगस्टलाच, १९८६ साली सुरू झाले. अनिल अवचट यांनी ‘गर्द’वर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. त्यापूर्वी एक्कावन्न वर्षे, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा व्यावसायिक आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. तिच्या सभांमध्ये उपदेश करायला कुणी बाहेरचा येत नाही. ज्याची सुटली तो ज्याची सुटत नाही त्याच्याशी बोलतो, एवढेच. म्हणजे समदुःखींच्या गप्पांत औषधी गुण आहे, हे जगाने अनुभवले आहे.

आपल्या कट्ट्यात तो गुण नाही, असे नाही. पण जिंकलो की पार्टी आणि हरलो की दुःखाची पार्टी, हा रिवाज असेल, तर सोडू पाहणाऱ्या माणसाला पहिली किंमत मित्रांच्या रूपात मोजावी लागते. संध्याकाळ मोकळी आणि घर खायला उठलेले. मग तो परत तिथेच जातो. ‘थोडी घे, काय होतंय’ हे वाक्य तेवढे बंद करा. त्याला मॅच पाहायला बोलवा, चहा पाजा, त्याच्यासमोर बाटली काढू नका. बोलायचे असेल तर तो प्यायलेला असताना नको, सकाळी बोला. ‘तू घर बुडवलंस’ यापेक्षा ‘आबा, उद्या ओपीडीला जाऊ, मी येतो सोबत’ हे वाक्य जास्त काम करते. शिवाय, तिथे ऐकलेले कुणाचे नाव पुढच्या टपरीवर नेऊ नका.

सरकारी रुग्णालयांतला मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांतून यासाठी मदत मिळते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तरी पुढचा रस्ता सांगतात. घरातून पाऊल निघत नसेल तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, मराठीत बोलता येते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही. बायको, भाऊ, मित्र कुणीही करू शकतो. फिट आली, असंबद्ध बोलणे सुरू झाले, रक्ताची उलटी झाली किंवा जागे करूनही जाग येत नसेल, तर मात्र फोनवर चर्चा नको. थेट १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.