पिकअपचे टायर आणि आपण

मैत्रिणींनो, टायर हा काही बायकांचा विषय नव्हे, असं घरातली पुरुषमंडळी म्हणतील. म्हणू देत. आमच्या खटाव तालुक्यात ज्या घरी पिकअप आहे, तिथं टायरचे पैसे बहुधा दुधाच्या बिलातून नाहीतर बचत गटाच्या कर्जातून येतात. शिवाय भांगलणीला, कांदा काढायला निघालेल्या बायका त्याच पिकअपच्या हौद्यात बसून जातात. मालाच्या गाडीत अशी दाटीवाटीनं माणसं भरणं कायद्याला मान्य नाही. पण पहाटे दुसरी सोय नसते, हेही खरं.

वडूजच्या एका गटात मध्यंतरी टायरसाठी कर्जाचा अर्ज आला. मुलाला चारही टायर खोल, आडव्या खाचांचे हवे होते. दुकानात त्याला ‘लग’ म्हणतात. का, तर पावसाळ्यात पाणंदीला गाडी रुतते. बायकांनी सरळ हिशेब मांडला. शेतापासून डांबरीपर्यंत वाट दीड किलोमीटर आणि तिथून सातारा पन्नासेक किलोमीटर. शिवाय कांदा लोणंदला, कधी पुण्याला. म्हणजे गाडी जवळजवळ सगळी डांबरीवरच पळणार! लग टायर डांबरीवर आवाज करतो, लवकर झिजतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकलाही तितका बरा नसतो.

याउलट उभ्या सरळ रेघांचा टायर म्हणजे ‘रिब’. तो डांबरीवर शांत चालतो, स्टिअरिंगला हलका. मात्र चिखलात घसरतो. या दोहोंच्या मधला तो ‘सेमी-लग’. पिकअपला जोर मागच्या चाकांचा असतो, म्हणून मागं सेमी-लग आणि पुढं रिब, ही आपल्याकडच्या वापराला मला सगळ्यात शहाणपणाची जोडी वाटते. एकाच ॲक्सलवरचे दोन्ही टायर मात्र अगदी सारखे हवेत. एक रेडियल आणि एक नायलॉन, असलं ठिगळ नको.

नक्षीइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. आपण साडीचा काठ निरखतो ना, तशी ती कड निरखावी. मापानंतरचा आकडा वजनाचा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, तेही हवा पुरेशी असेल तर. (दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकाचा.) स्वस्त मिळतो म्हणून कमी आकड्याचा, कारचा टायर पिकअपला चढवणं म्हणजे संकटाला आवतण. अंडाकृती चौकटीतले शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा’ म्हणून दिलेला टायर चार वर्षं गोदामात पडून होता का, ते तिथं कळतं.

झीज बघायलाही मेकॅनिक लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. चारचाकीला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. रिमोल्ड टायर स्वस्त पडतो खरा, पण पुढच्या चाकाला तो घालूच नये. पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही.

आणि हवा! कमी हवेचा टायर भर उन्हात, भरल्या गाडीखाली तापतो आणि फुटतो. म्हणून सकाळी, टायर गार असताना हवा बघावी. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मऊ जमिनीत चाक रुतू नये म्हणून काहीजण हवा कमी करतात. रिकाम्या गाडीला हरकत नाही, पण डांबरीवर येताच परत भरायला हवी. आणि तेच नेमकं राहून जातं.

तर गटानं मागच्या दोनच टायरचं कर्ज मंजूर केलं. पुढचे अजून वर्षभर चालण्यासारखे होते. मुलगा थोडा फुरंगटला. पण काळ्या रानात जोराचा पाऊस झाल्यावर लगच्याही खाचा चिखलानं भरतात, मग कसला लग आणि कसला रिब! तिथं मुरूमच पडायला हवा. शासनानं २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली होती. तेव्हा पाणंदीचा विषय येत्या ग्रामसभेत मांडायचा, असं त्याच बैठकीत ठरलं आणि अर्ज लिहायचं काम त्या मुलाकडेच दिलं.