दूरस्थ सर्व्हरसाठी सुसंगत मेमरीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ, ग्रंथालयाची सूची, प्रवेश अर्ज यांसारख्या सेवा आज पुष्कळदा दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर चालतात. वापर वाढला की सर्व्हर मंदावतो आणि मेमरी (रॅम) वाढविण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे येतो. दरपत्रके मागविताना मात्र अनेकदा '१६ जीबी रॅम, ४ नग' एवढाच उल्लेख केला जातो. क्षमता हा मेमरीचा केवळ एक गुणधर्म होय. कार्यालयातील संगणकात चुकीचे मॉड्यूल बसविले तर ते लगेच बदलता येते. दूरस्थ सर्व्हरबाबत तीच चूक म्हणजे सेवा खंडित होणे, तंत्रज्ञाची पुन्हा वेळ घेणे आणि अनुदानाचा अपव्यय. म्हणून निवडीचे निकष आणि खरेदीपूर्व पडताळणीची पद्धत यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सुसंगततेचे निकष :
१) पिढी : जेडेक या संस्थेने डीडीआर ३ चे मानक २००७ मध्ये, डीडीआर ४ चे २०१२ मध्ये व डीडीआर ५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे मूळ विद्युतदाब अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट आहेत. मॉड्यूलवरील खाचेची जागाही भिन्न असल्याने एका पिढीचे मॉड्यूल दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

२) प्रकार : खरी फसगत येथे होते. डीडीआर ४ मधील रजिस्टर्ड व अनबफर्ड मॉड्यूल एकाच स्लॉटमध्ये बसतात. परंतु ते एकत्र वापरता येत नाहीत आणि तसे केल्यास सर्व्हर सुरू होत नाही. बसले म्हणजे जुळले, असे समजू नये.

३) दोषदुरुस्ती : ईसीसी मेमरीत (डीडीआर ४ पर्यंत) ६४ बिट माहितीमागे ८ तपासणी बिट असतात. त्यामुळे एका बिटची चूक दुरुस्त होते व दोन बिटांची चूक लक्षात येते. गूगलच्या सर्व्हरवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के मॉड्यूलमध्ये दुरुस्त करण्याजोग्या चुका आढळल्या होत्या. गुणपत्रके व शुल्काच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात ही सोय अनिवार्य मानावी.

४) मांडणी व वेग : २०१६ मधील झिऑन ई५-२६०० व्ही४ श्रेणीच्या प्रोसेसरला मेमरीचे ४ चॅनेल असतात. अशा दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये ८ जीबीची ८ मॉड्यूल आहेत आणि क्षमता ६४ वरून १२८ जीबी करावयाची आहे, असे मानू. १६ जीबीची ४ मॉड्यूल घेतल्यास बेरीज जुळते. पण निम्म्या चॅनेलवर २४ जीबी व उरलेल्यांवर ८ जीबी अशी विषमता येते. रिकामे स्लॉट असल्यास ८ जीबीची त्याच प्रकारची ८ मॉड्यूल घेणे श्रेयस्कर. या यंत्रात ३२०० वेगाचे मॉड्यूलही २४०० पेक्षा अधिक वेगाने चालणार नाही, तर २१३३ चे मॉड्यूल मिसळल्यास सर्वांचाच वेग उतरेल.

खरेदीपूर्व पडताळणी :
प्रथम सर्व्हर मेमरीअभावीच मंद झाला आहे काय, हे पाहावे. लिनक्सवर 'डीएमआयडिकोड' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिल्यास प्रत्येक स्लॉटमधील मॉड्यूलची क्षमता, प्रकार, वेग व उत्पादकाचा भाग क्रमांक (पार्ट नंबर) दिसतो; रिकामे स्लॉटही कळतात. यासाठी यंत्र बंद करावे लागत नाही. तथापि ही माहिती बायोसमधील नोंदींवर आधारलेली असून त्या नोंदी कधी अपूर्ण वा चुकीच्या असतात. म्हणून मदरबोर्डची माहितीपुस्तिका व उत्पादकाची मान्य मॉड्यूलची यादी यांच्याशी ती ताडून पाहावी.

सर्व्हरला १९९८ पासून प्रचलित असलेल्या आयपीएमआय पद्धतीची दूरनियंत्रण सोय असल्यास ती आधीच तपासावी. मुख्य प्रणाली सुरू झाली नाही तरी तिच्याद्वारे यंत्राची स्थिती समजू शकते. मॉड्यूल बसविल्यावर मेमरी चाचणी पूर्ण होईपर्यंत जुनी मॉड्यूल तंत्रज्ञाजवळच ठेवावीत.

निष्कर्ष :
दरपत्रकाच्या मागणीत पिढी, प्रकार, ईसीसी, वेग, प्रत्येक मॉड्यूलची क्षमता, नगसंख्या व सध्याचा भाग क्रमांक नमूद करावा. तसेच न जुळल्यास मॉड्यूल बदलून देण्याची अट घालावी. असे केल्यास निरनिराळ्या विक्रेत्यांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता अर्थपूर्ण ठरतो. अन्यथा सर्वांत कमी दराची मेमरीच सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो.