गॅस वर जात नाही

माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी भागात बदलीवर आलेले शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले हल्ली भाड्याच्या घरात गॅसगळतीचा अलार्म लावू लागलेत. चांगलंच आहे. पण तो लावतात कुठे? एक्झॉस्ट फॅनच्या शेजारी, नाहीतर थेट माळ्याखाली. का, म्हणून विचारावं तर वायरमनपासून घरमालकापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: "गॅस वरच जाणार की ओ!"

नाही जात. टाकीतला गॅस खाली बसतो.

टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असतात. हवेचा सरासरी रेणूभार २९, प्रोपेनचा ४४ आणि ब्युटेनचा ५८. म्हणजे हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो ओट्याखाली साचतो, फरशीवरून पसरतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो. टाकी जमिनीच्या पातळीखाली, खड्ड्यात ठेवू नका असं तेल कंपन्या सांगतात, ते याच कारणाने. घरगुती अलार्म कुठे लावावा याचं ईएन ५०२४४ हे युरोपीय मार्गदर्शक मानक आहे. त्यातही जड गॅससाठी जागा सांगितली आहे ती जमिनीलगतची. सोप्या भाषेत, फरशीपासून फूटभराच्या आत.

मग हा समज आला कुठून? वाफ वर जाते, धूर वर जातो, म्हणून गॅसही वर जात असणार, हा एक भाग. दुसरा भाग मोबाइलवरच्या व्हिडिओंचा. पुण्या-मुंबईत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन. त्याचा रेणूभार १६, तो खरोखरच छताकडे जातो आणि तिथे अलार्म वरच लावायचा असतो. तो व्हिडिओ बघून टाकीवाल्या घरात भोक पाडायचं, याला काय म्हणावं!

आता हिशेब करू. या गॅसचं हवेतलं प्रमाण साधारण १.८ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. ८ बाय १०चं स्वयंपाकघर धरा. गॅस तळाच्या फूटभर थरातच साचला, तर तो थर पेटण्याजोगा व्हायला ८०-९० ग्रॅम गॅस पुरतो. टाकीत असतो १४.२ किलो! छताजवळचा अलार्म तेव्हा गप्पच असेल, आणि घरातली माणसं त्याच्या भरवशावर निवांत.

भाडेकरूची खरी अडचण वेगळीच आहे. स्वयंपाकघरातला प्लग ओट्याच्या वर असतो. थेट प्लगमध्ये खोचायचा अलार्म घेतला की तो आपोआप चुकीच्या उंचीवर बसतो. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर ओढून आणणं तर आणखी वाईट, कारण ठिणगीची सोय आपणच गॅसच्या थरात केली. त्यापेक्षा ज्याचा अडॅप्टर वर राहील आणि सेन्सर वायरीने खाली येईल, असा घ्या. भिंतीला भोक नको असेल तर तो दुहेरी टेपने चिकटतो, घर सोडताना काढूनही नेता येतो. शेगडीला खेटून मात्र लावू नका. फोडणी आणि उदबत्तीलाही हे सेन्सर ओरडतात. आणि बॅटरी बॅकअप हवाच. वीज गेली की मुका होणारा अलार्म आपल्याकडे काय कामाचा?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"वास येतोच की." येतो, कारण त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. पण झोपेत नाक जागं करील याची खात्री नाही, आणि सर्दीत तर नाहीच.

"हाच अलार्म गॅस गिझरलाही चालेल." अजिबात नाही. बंद न्हाणीघरात माणूस दगावतो तो बहुधा कार्बन मोनॉक्साइडने. त्याला वास नसतो, त्याचा अलार्म वेगळा मिळतो, आणि हवा खेळती ठेवणं तरीही सुटत नाही.

"एकदा घेतला की जन्माची काळजी मिटली." सेन्सर म्हातारा होतो. मुदत पाठीमागे छापलेली असते, विकत घेतानाच बघा. बटण दाबून येणारी शिट्टी बहुतेक वेळा फक्त शिट्टीच तपासते.

"अलार्म आहे, आता पाइप जुना चालेल." आधीच्या भाडेकरूने सोडलेला पाइप आधी फेकून द्या. सुरक्षा पाइपची मुदत ५ वर्षं.

"वाजला की आधी अलार्म बंद करायचा." हे सगळ्यात जीवघेणं. प्लग काढताना ठिणगी पडू शकते. दिवा, पंखा, एक्झॉस्ट, काहीच चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि मग बाहेरून १९०६ला फोन लावा.

जाता जाता एक कागदी काम. गॅसचं कार्ड गावाकडच्या पत्त्यावर आणि टाकी इथे, असं असेल तर पत्ता बदलून घ्या. तेल कंपन्यांच्या विम्यात घराच्या नुकसानीची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच्या अपघातालाच लागू होते.