चाळीसची कुपी, शंभरची सिरिंज

मधुमेहाच्या रुग्णाची डॉक्टरांशी गाठ महिन्या-दोन महिन्यांनी पडते. औषधांच्या दुकानात तो त्याहून अधिक वेळा जातो. परळला केईएम रुग्णालयाच्या आसपास किंवा गिरगाव-दादरच्या रस्त्यांवर अशी दुकाने पावलोपावली आहेत. काउंटरमागचा फार्मासिस्ट हा रुग्णाला भेटणारा शेवटचा जाणकार माणूस. त्याच्या हातून औषध सुटले, की पुढे चूक पकडणारे कुणी उरत नाही. म्हणूनच फार्मसीच्या विद्यार्थ्याला रसायनांच्या सूत्रांबरोबर आणखी काही शिकावे लागते.

इन्शुलिनचेच पाहू. टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून त्याचा अर्क मिळवला. हा अर्क शुद्ध नसल्याने वजनावरून मात्रा ठरवता येईना. सशाची रक्तशर्करा किती उतरते यावरून त्याची ताकद मोजू लागले आणि 'युनिट' हे माप रूढ झाले.

आपल्याकडे कुपीतून मिळणाऱ्या इन्शुलिनमध्ये बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० असतात. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे ०.५ मिलिलिटर. पेन बिघडले म्हणून कुणी कार्ट्रिजमधले इन्शुलिन याच सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात ५० युनिट जातील, म्हणजे अडीचपट. उलट, ४० च्या कुपीला १०० ची सिरिंज लावली तर २० ची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर, आणि मिळतील फक्त ८ युनिट. पहिल्या चुकीत रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दुसरीत साखर चढत जाते आणि कारण कळत नाही. गणित सातवीतल्या गुणोत्तराचे, पण त्यावर जीव अवलंबून आहे.

हे व्याख्यानातून हाती येत नाही. विद्यार्थ्याने दोन्ही सिरिंजा हाताळाव्यात, मिठाचे निर्जंतुक पाणी ओढून मात्रा मोजावी आणि मग दुसऱ्याला शिकवून पाहावे. "आजी, समजलं ना?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असेच येते. "आजी, घरी सुई कशी घेता, जरा करून दाखवा बघू," असे म्हटले, की चूक डोळ्यांसमोर येते. रोज एकाच जागी टोचल्याने तिथली त्वचा गाठाळ होते आणि औषध नीट शोषले जात नाही, हेही तेव्हाच ध्यानात येते.

दुसरा धडा साठवणीचा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही; गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे लागते. फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्याचा उपयोग होतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता घेतली जाते. मात्र मुंबईची हवा दमट असल्याने इथे बाष्पीभवन मंद होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मडके जेवढे थंड राहते, तेवढे लालबागच्या चाळीत राहत नाही.

तिसरा धडा उपासाचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. श्रावणी सोमवारी पोट रिकामे आणि गोळी घेतलेली, असे झाले तर साखर फार उतरते: घाम, थरथर, धडधड, गोंधळ. मेटफॉर्मिन एकट्याने असे क्वचितच करते. म्हणून उपास करणाऱ्याने गोळीबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावे, हे फार्मासिस्टने सुचवायचे. साखर उतरल्यावर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून देतात. पण रुग्ण व्होग्लिबोज घेत असेल तर साखरेचे विघटन आतड्यात रोखले जाते. त्याला ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

१९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या 'फार्म. डी.' अभ्यासक्रमात रुग्णालयातल्या कामाला मोठे स्थान मिळाले आणि २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समजावून सांगणे हा फार्मासिस्टच्या कामाचा भाग ठरवला. याचे फळ अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहराने अनुभवले आहे. तिथे १९९६ साली मधुमेही नगरपालिका कर्मचाऱ्यांवर देखरेखीचे काम प्रशिक्षित फार्मासिस्टांना दिले. रुग्णांची साखर आटोक्यात आली आणि उपचारांचा एकूण खर्चही घटला.

वर्गात गुणोत्तर शिकवताना ४० आणि १०० चे हे उदाहरण जरूर घ्यावे. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी इन्शुलिन घेणारे आजी-आजोबा असतील. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे त्यांनी त्याच दिवशी घरी पाहावे. आणि जुळत नसेल तर जवळच्या फार्मासिस्टला दोन्ही वस्तू नेऊन दाखवाव्यात.