तक्रार आणि तपास

पोलीस ठाण्यात रोज अनेक लोक तक्रारी घेऊन येतात. कोणाच्या घरी चोरी झालेली असते, तर कोणाला शेजाऱ्याने शिवीगाळ केलेली असते. पोलीस प्रत्येक तक्रारीचा तपास करतात का? नाही. मग कशाचा तपास करायचा, हे पोलिसांच्या मर्जीवर असते का? तेही नाही. त्यासाठी कायद्याने नियम घालून दिले आहेत.

गुन्ह्यांचे दोन प्रकार आहेत : दखलपात्र आणि अदखलपात्र. 'दखल' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. उर्दूत 'दखल देना' म्हणजे मध्ये पडणे. मराठीत 'दखल घेणे' म्हणजे लक्ष घालणे. खून, दरोडा, अपहरण हे दखलपात्र गुन्हे आहेत. त्यांचा तपास पोलीस न्यायालयाच्या हुकमाची वाट न पाहता सुरू करतात. शिवीगाळ, किरकोळ मारहाण हे अदखलपात्र गुन्हे आहेत. त्यांची पोलीस फक्त नोंद करतात. तिला लोक 'एन. सी.' म्हणतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांचा तपास होत नाही.

१ जुलै २०२४ रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिल्यांदाच केलेली चोरी अदखलपात्र ठरते. समजा, एका मजुराची ४,००० रुपयांची सायकल चोरीला गेली. कायद्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान आहे. पण सायकल नसेल तर त्याचा रोजगार बुडतो. अशा माणसाने 'एन. सी.' घेऊन गप्प बसू नये. तपासाचा आदेश मिळावा म्हणून तो दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो.

गुन्हा दखलपात्र असूनही पोलिसांनी नोंद केली नाही तर? उत्तर प्रदेशात २००८ साली एका मुलीचे अपहरण झाले. वडिलांनी लेखी तक्रार दिली, तरी ठाण्यात कारवाई झाली नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबर, म्हणजेच एफ.आय.आर., नोंदवलीच पाहिजे. काही प्रकरणांत आधी थोडी चौकशी करता येते. नोंदीनंतर तपासाला पुरेसे कारण नाही असे पोलिसांना वाटले, तर तसे त्यांनी फिर्यादीला कळवावे लागते.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. गुन्हा कोठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तोंडी खबर पोलिसांनी लिहून घ्यावी आणि वाचून दाखवावी, मगच सही करावी. तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. तरीही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

मात्र खबर खरी असावी. खोटी खबर देणे हाही गुन्हाच आहे. काय घडले, कधी घडले, कोठे घडले, हे स्पष्ट सांगावे. खबर नोंदवणे हे जसे पोलिसांचे कर्तव्य आहे, तसे खरे सांगणे हे आपले कर्तव्य आहे.