ऑनलाइन पैसे गोळा झाले, पण रक्ताचं काय? कोरोनाकाळात रक्तदान शिबिरं कशी बदलली?

1 जुलै 2020. आषाढी एकादशीचा दिवस. त्या वर्षी पायी वारी झाली नव्हती, संतांच्या पालख्या एसटीने पंढरपूरला पोहोचल्या होत्या. त्याच दिवशी मुंबईतून आणखी एक बातमी आली. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने जाहीर केलं की यंदा मूर्ती बसणार नाही. 1934 पासूनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याऐवजी 'आरोग्योत्सव' होणार होता, म्हणजे रक्तदान आणि प्लाझ्मादान.

राजा बसणार नाही, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. खरी गोम मात्र बातमीच्या दुसऱ्या भागात होती. गर्दी नको म्हणून उत्सव रद्द झाला होता आणि त्याच्या जागी जो कार्यक्रम ठरला, त्यालाही माणसं प्रत्यक्ष यावीच लागणार होती. दहाच दिवसांनी राज्य सरकारनेही गणेशोत्सवासाठी नियमावली काढली. त्यात सार्वजनिक मंडळांच्या मूर्तीला 4 फुटांची मर्यादा घातली होती आणि सांस्कृतिक कार्यक्रमांऐवजी आरोग्य शिबिरं, रक्तदान शिबिरं घ्या, असं सुचवलं होतं.

म्हणजे कार्यक्रम भरवा, पण माणसं जमू देऊ नका. हे जमवायचं कसं?

पैशांचं जमलं, रक्ताचं का अडलं?

महामारीत जगभरातल्या मदतनिधी कार्यक्रमांची पंचाईत झाली. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्क्रीनचा आधार घेतला. लंडन मॅरेथॉनचं उदाहरण बघा. या एका शर्यतीतून 2019 मध्ये वेगवेगळ्या संस्थांसाठी सुमारे 6 कोटी 64 लाख पौंड जमले होते. 26 एप्रिल 2020 ची शर्यत पुढे ढकलली गेली, तेव्हा आयोजकांनी '2.6 चॅलेंज' काढलं. 26.2 मैलांच्या शर्यतीतला 2.6 किंवा 26 हा आकडा घ्या, घरात किंवा अंगणात जमेल ते करा आणि देणगी द्या. त्यातून 1 कोटी 10 लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. नेहमीच्या तुलनेत ती सहावा हिस्सा होती, पण शून्य नव्हती. त्याच महिन्यात टॉम मूर या माजी सैनिकाने शंभराव्या वाढदिवसाआधी वॉकर घेऊन आपल्या अंगणात 100 फेऱ्या मारायचं ठरवलं. 1000 पौंडांचं उद्दिष्ट होतं, जमले 3 कोटी 20 लाखांहून अधिक.

आपल्याकडे टाटा मुंबई मॅरेथॉन हा असाच मोठा निधी उभारणारा कार्यक्रम. 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षी जानेवारीतली शर्यत झाली नाही. ती परतली थेट 15 जानेवारी 2023 ला.

पैसा मोबाइलवरून पाठवता येतो. रक्तासाठी मात्र कुणाला तरी बाही वर करून खाटेवर झोपावंच लागतं. शिवाय पैसा बँकेत पडून राहतो, रक्त राहत नाही. नेहमीच्या पिशवीत साठवलेलं रक्त 35 दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या करून खास द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस. प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. त्यामुळे फेब्रुवारीत कितीही रक्त जमलेलं असलं, तरी मे महिन्यातल्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता.

आणि मे महिना रक्तपेढ्यांसाठी तसाही वाईटच. कॉलेजच्या परीक्षा, मग सुट्ट्या, गावाला गेलेली माणसं. राष्ट्रीय सेवा योजनेची युनिट्स, आयटी कंपन्या, कारखाने आणि नेत्यांचे वाढदिवस यांवर महाराष्ट्रातलं बरंचसं रक्तसंकलन चालतं. मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात यातलं जवळपास सगळं एकदम बंद झालं.

सुरुवातीला हे फारसं जाणवलं नाही, कारण मागणीही घटली होती. रस्ते रिकामे, त्यामुळे अपघात कमी. पुढे ढकलता येतील त्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. पण थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बाळंतपणं थांबत नाहीत, कॅन्सरचे उपचार थांबत नाहीत. पुढे रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा मागणी परत आली. कॉलेजं आणि ऑफिसं मात्र बंदच होती. खरी कोंडी तिथे झाली.

शिबिराचा मांडव कसा बदलला?

कोरोनाआधीचं शिबिर डोळ्यासमोर आणा. दारात रांगोळी, स्टेजवर पाहुणे, नारळ, दीपप्रज्वलन, दोन-तीन भाषणं. एका टेबलावर फॉर्म, दुसऱ्यावर वजन आणि हिमोग्लोबिन, मग डॉक्टरांची तपासणी, मग खाटांची रांग. शेवटी चहा-बिस्किट, प्रमाणपत्र, एखादी बॅग नाहीतर हेल्मेट आणि नेत्यांसोबत फोटो. रक्त काढायला लागतात जेमतेम 10 मिनिटं. बाकी सगळा वेळ रांगेत आणि गप्पांत जातो.

महामारीत याच रांगा आणि गप्पा अडचणीच्या ठरल्या. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने मार्च 2020 अखेरीस सूचना दिल्या की रक्तदान थांबवू नका, पण अंतर आणि स्वच्छता पाळा. मग संयोजकांनी शिबिराचे सुटे भाग करून बघितले. भाषण गेलं तर रक्त कमी होतं का? नाही. मग ते गेलं. प्रमाणपत्र फोनवर गेलं. चहाच्या टेबलाजागी बंद पाकिटातलं खाणं आलं. एका सगळ्यांना फिरणारा हातात दाबायचा बॉलही प्रत्येकामागे पुसावा लागू लागला. रक्त दिल्यानंतरची विश्रांती मात्र काढता येत नव्हती, कारण चक्कर येऊन कुणी पडलं तर? म्हणून खुर्च्या लांब लांब मांडल्या गेल्या.

सगळ्यात मोठा बदल वेळेचा होता. 'सकाळी 9 ते 5, सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' हा आपला ठरलेला मजकूर. त्यातल्या 'बहुसंख्येने' या शब्दालाच आता बंदी होती. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरू लागला आणि दात्याला 11 वाजून 20 मिनिटांनी या, असा निरोप जाऊ लागला.

याचा हिशेब सोपा आहे. समजा 4 खाटा आहेत आणि पुसापुशी धरून एका दात्याला 20 मिनिटं लागतात. म्हणजे तासाला 12 दाते, 6 तासांत 72. जिथे एका दिवसात 300 पिशव्या जमायच्या, तिथे आता 70-72. कागदावर हे अपयशच दिसतं.

पण मग जागा बदलल्या. कॉलेज बंद, ऑफिस बंद, म्हणून रक्तपेढ्यांच्या गाड्या हाउसिंग सोसायट्यांच्या आवारात गेल्या. पार्किंग, क्लबहाऊस, शाळेचा रिकामा हॉल, मंडळाची जागा. दाता लिफ्टने खाली येतो, रक्त देतो, वर जातो. पोलिसांचा पास नको, लोकलची परवानगी नको. लोकांच्या मनातली भीतीही इथे थोडी सैल व्हायची, कारण शेजारी ओळखीचा होता. कोरोना रक्तातून पसरत नाही हे डॉक्टर सांगत होतेच, पण भीती सुईची नव्हती, घराबाहेर पडण्याची होती.

एका मोठ्या शिबिराऐवजी महिन्याभरात चार छोटी शिबिरं घेणं 35 दिवसांच्या गणितात जास्त बसतं. एका दिवशी हजार पिशव्या आल्या तर त्या सगळ्या साधारण एकाच सुमारास बाद होण्याच्या मार्गाला लागतात. शिवाय आज रक्त दिलेला पुरुष पुढचे 90 दिवस आणि स्त्री 120 दिवस पुन्हा देऊ शकत नाही. म्हणजे महाशिबिर एका फटक्यात परिसरातले दातेही तीन महिन्यांसाठी वापरून टाकतं. रक्तपेढीतली माणसं हे आधीपासून सांगत होती. नाइलाज झाला, तेव्हा ते प्रत्यक्षात आलं.

प्लाझ्माचा नाद कसा सुटला?

लालबागच्या घोषणेतल्या दुसऱ्या शब्दाची गोष्ट इतकी सुखाची नाही. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या प्लाझ्मात अँटिबॉडीज असतात, त्या आजारी माणसाला दिल्या तर तो बरा होईल, अशी आशा 2020 च्या उन्हाळ्यात जोरात होती. लालबागच्या घोषणेच्या दोनच दिवस आधी, 29 जूनला राज्य सरकारने 'प्रोजेक्ट प्लॅटिना' सुरू केला होता.

प्लाझ्माचं शिबिर घेणं रक्तदानापेक्षा कितीतरी अवघड. दाता कोरोनातून बरा झालेला हवा, मध्ये साधारण 28 दिवस गेलेले हवेत, अँटिबॉडीज पुरेशा हव्यात. गर्भधारणा झालेल्या महिला सहसा चालत नसत. आणि प्लाझ्मा काढायला वेगळं यंत्र लागतं, ते मांडवात येत नाही. त्यामुळे अशा शिबिरांत मुख्यतः नावनोंदणी आणि तपासणी व्हायची, पुढचं काम रुग्णालयात.

ऑक्टोबर 2020 मध्ये आयसीएमआरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशातल्या 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवरच्या या चाचणीत प्लाझ्मामुळे मृत्यू किंवा आजाराची तीव्रता कमी होताना दिसली नाही. तरी दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, नातेवाईक प्लाझ्मासाठी सोशल मीडियावर याचना करत होते आणि संयोजक रात्री-अपरात्री दाते शोधत होते. 17 मे 2021 ला प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आले. संयोजकांना दोष देणं सोपं आहे, पण डॉक्टर चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहून देत असताना त्यांनी काय करायचं होतं?

लस आली आणि नवा पेच आला

2021 मध्ये संयोजकांपुढे वेगळंच गणित आलं. मार्चमध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने सांगितलं की लशीच्या शेवटच्या डोसनंतर 28 दिवस रक्त देता येणार नाही. दोन डोसमधलं अंतर धरलं तर दाता दोन महिने किंवा त्याहून जास्त काळ बाद. तोवर लस ज्येष्ठांना मिळत होती, त्यामुळे फारसं बिघडत नव्हतं. 1 मेपासून ती 18 ते 44 वयोगटाला खुली होणार होती आणि रक्तदात्यांची मुख्य फळी याच वयाची.

त्यामुळे एप्रिलमध्ये, दुसरी लाट टिपेला असताना, 'आधी रक्तदान, मग लस' अशी आवाहनं सुरू झाली. संयोजकांची कसरत विचित्र होती. एकीकडे लोकांनी लवकर लस घ्यावी असं वाटायचं, दुसरीकडे चार दिवस थांबा आणि आधी शिबिरात या, असंही सांगावं लागायचं. अखेर 5 मे रोजी परिषदेने मुदत बदलली आणि कुठल्याही डोसनंतर 14 दिवसांचं अंतर पुरेसं ठरवलं. या एका ओळीच्या बदलाने मे आणि जूनच्या कितीतरी शिबिरांच्या याद्या पुन्हा भरता आल्या.

मग आता?

वेळ ठरवून येणं, गूगल फॉर्म, सोसायटीतलं छोटं शिबिर हे अनेक ठिकाणी टिकलं आहे. पण महाशिबिरांचं आकर्षणही गेलेलं नाही. एका दिवसात किती पिशव्या जमल्या, हा आकडा फलकावर चांगला दिसतो. महिन्याला 70 पिशव्यांचा फलक कुणी लावत नाही.

17 सप्टेंबर 2022 ला, पंतप्रधानांच्या वाढदिवशी, देशभर रक्तदानाची मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी 87 हजारांहून अधिक लोकांनी रक्त दिलं आणि विक्रमाची बातमी झाली. 35 दिवसांच्या हिशेबाने त्या दिवशीच्या साध्या पिशव्यांची मुदत 22 ऑक्टोबरला संपत होती. दोन दिवसांनी लक्ष्मीपूजन होतं, कॉलेजांना सुट्ट्या लागल्या होत्या आणि माणसं गावाला निघाली होती.