बोदलकसा : मुरुमाच्या वाटेवरील सायकलभ्रमण

रूळ काढून टाकलेल्या लोहमार्गाच्या भरावावर खडी किंवा मुरूम पसरून केलेल्या सायकलवाटेला रेल-ट्रेल म्हणतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असल्याने लोहमार्गाचा चढ मुळातच सौम्य ठेवावा लागतो आणि म्हणूनच अशी वाट नवशिक्या सायकलस्वारालाही झेपते. गोंदिया-जबलपूर या 762 मिलिमीटर रुंदीच्या अरुंद मार्गाचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये झाल्यामुळे तेथे अशी वाट निर्माण झाली नाही. तथापि तिच्याशी जवळचे नाते सांगणारा अनुभव गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा परिसरात मिळतो.

मातीच्या धरणाने अडवलेला येथील विस्तीर्ण जलाशय, सभोवतालचे सागाचे व मिश्र पानझडी वन आणि हिवाळ्यात उतरणारी स्थलांतरित बदके यांमुळे हा प्रदेश विलक्षण देखणा आहे, आणि महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ झालेला सारस क्रौंच याच जिल्ह्याच्या धानशेतीत तग धरून आहे, ही बाब अधिक मोलाची मानावी लागेल. येथील वाटांवरच्या मुरुमावर, म्हणजे विघटित खडकाच्या बारीक खड्यांवर, सुमारे 40 मिलिमीटर रुंदीचे टायर किंचित कमी हवेने चालवल्यास धक्के शोषले जातात व पकडही वाढते.

जवळचे नागझिरा अभयारण्य मात्र 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने सायकल संरक्षित वनात न नेता गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवरच, तीही दिवसाउजेडी, चालवावी. कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला या वाटांवर पहिला हक्क अस्वलांचा व बिबट्यांचा असतो.